लोखंडाला पाणी : भात्यापासून कणझोतापर्यंत

विळा झिजतो तो धारेवर. कुऱ्हाडीचे तोंड बोथट होते, पण दांडा ज्या भोकात बसतो तो भाग वर्षानुवर्षे तसाच राहतो. नांगराचा फाळ टोकाशी झिजतो आणि गंज तर नेहमी बाहेरूनच लागतो. धातूची वस्तू निकामी होते ती बहुधा तिच्या पृष्ठभागावर. आतले लोखंड बिचारे शाबूत असते, तरी वस्तू भंगारात जाते.

गोंदिया जिल्ह्यात हे रोज पाहायला मिळते. हा धानाचा जिल्हा. धानाच्या तुसाची राख केली तर तुसाच्या वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के राख उरते आणि तिचा बहुतेक भाग सिलिका असतो, म्हणजे वाळूत असते तेच द्रव्य. भातगिरणीत टनांवारी धान भरडले जाते तेव्हा यंत्राच्या पोलादावर जणू बारीक कानस अखंड फिरत असते. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी प्रश्न तोच, फक्त कानस वेगळी. आपल्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण मोठे, त्या राखेत क्वार्ट्‌झचे कण, आणि गरम वायूबरोबर हे कण बॉयलरच्या नळ्यांवर आदळत राहतात.

मग सगळी वस्तूच खूप कठीण धातूची का करू नये? कारण जे फार कठीण ते बहुधा ठिसूळही असते. पूर्ण कठीण केलेली कुऱ्हाड पहिल्या चार घावांतच तडकेल. आपल्याला एकाच वस्तूत दोन परस्परविरोधी गुण हवे असतात : कातडी कठीण आणि पोट चिवट. माणूस हा पेच गेली अडीच हजार वर्षे तरी सोडवत आला आहे, आणि त्या प्रयत्नांचे अगदी जुने पुरावे विदर्भातच सापडले आहेत. आजचे टोक आहे ते उच्च ऊर्जेच्या, क्षणभरच चालणाऱ्या कणझोतांचे. या दोन टोकांमधला धागा एकच आहे. पृष्ठभाग किती खोलवर बदलायचा, हे वेळेवर ठरते.

नायकुंडची भट्टी

गोंदियाहून पश्चिमेला, नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचे गाव आहे. तिथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. महापाषाण संस्कृतीच्या वस्तीत लोखंड गाळण्याची एक भट्टी मिळाली. बरोबर भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. त्याआधी नागपूरजवळच्या माहूरझरीला शिळावर्तुळांखालच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या आणि घोड्याच्या लगामाच्या कड्या मिळाल्या होत्या.

अशा भट्टीत लोखंड वितळत नाही. शुद्ध लोखंडाचा वितळणबिंदू १५३८ अंश सेल्सिअस. तेवढे तापमान कोळसा आणि हातभाता यांच्या आवाक्याबाहेरचे. खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि मळीने भरलेला, स्पंजासारखा गोळा उरतो. तो ठोकून ठोकून मळी काढायची आणि वस्तू घडवायची. मिळते ते मऊ लोखंड, कारण त्यात कार्बन जवळजवळ नसतोच. त्याची धार लगेच वळते.

दक्षिण कोरियाचे धातुशास्त्रज्ञ जँग-सिक पार्क आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी विदर्भातल्या अशा वस्तूंचे लहान तुकडे घासून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसते की त्या काळच्या कारागिरांना लोखंडात कार्बन मुरवून पोलाद करता येत होते, ते पोलाद जिथे काम पडते त्या भागासाठी वापरायची दृष्टी होती आणि तापलेली वस्तू झटकन थंड करण्याची युक्तीही ठाऊक होती. थोडक्यात, कठीण कातडी आणि चिवट पोट हा विचार तेव्हाच पक्का झालेला होता.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट, मंडला आणि मैकल डोंगररांगांत आगरिया जमातीचे लोक विसाव्या शतकातही मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळत होते. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले तेव्हा कारखान्यातले स्वस्त लोखंड आणि भट्ट्यांवरचे कर यांमुळे हा धंदा मोडकळीला आला होता.

लोखंडात काय शिरते?

कारागिरांना कृती माहीत होती, कारण माहीत नव्हते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीला पाणी देण्याच्या कृती आहेत. रक्त, तूप, पाणी, निरनिराळ्या प्राण्यांचे दूध असे द्रव सुचवले आहेत आणि केळीची राख ताकात कालवून वापरण्याचीही एक कृती आहे. यातल्या प्रत्येक कृतीला आज रासायनिक अर्थ लावता येईल असे नाही. पण एवढे खरे की द्रव बदलला की थंड होण्याचा वेग बदलतो आणि वेग बदलला की पोलाद बदलते. आपल्या भाषेनेही हे टिपून ठेवले आहे. एखाद्याच्या अंगी किती पाणी आहे, असे आपण म्हणतो.

फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७२२ साली लोखंडाचे पोलाद कसे होते यावर पद्धतशीर प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बंद पेटीत लोखंड निरनिराळ्या पदार्थांत पुरून त्यांनी दिवसेंदिवस तापवले आणि लोखंडात बाहेरून काहीतरी शिरते असा निष्कर्ष काढला. ते 'काहीतरी' म्हणजे कार्बन, हे १७८६ साली वांदरमोंद, बेर्तोले आणि मोंज या तिघांनी स्पष्ट केले.

आज आपण असे सांगतो : लोखंड साधारण नऊशे अंशांच्या वर तापले की त्यातल्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनच्या लहान अणूंना मधल्या फटींत भरपूर जागा मिळते. सावकाश थंड होऊ दिले तर जुनी मांडणी परत येते आणि कार्बन बाहेर पडतो. झटकन थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकतो आणि मांडणी ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. तीच पोलादाची कठीण अवस्था.

म्हणजे लोहार दोन वेगळी कामे करतो. एक, कार्बन आत मुरवणे. हे फार सावकाश होते. नऊशे-साडेनऊशे अंशांना कार्बन एक मिलिमीटर आत जायला कित्येक तास लागतात. दुसरे, उष्णता बाहेर काढणे. हे सेकंदात होते. लोखंडात उष्णता पसरण्याचा गुणांक कार्बन मुरण्याच्या गुणांकाच्या सुमारे दहा लाख पट आहे. पुढची सगळी कथा या दुसऱ्या कामाची वेळ सेकंदावरून खाली, आणखी खाली आणण्याची आहे.

बटाट्याचा प्रयोग

वेळ आणि खोली यांचे नाते वर्गात दाखवता येते. एकाच आकाराचे तीन मोठे बटाटे घ्या. उकळत्या पाण्यात एक दोन मिनिटे, दुसरा आठ मिनिटे आणि तिसरा अठरा मिनिटे ठेवा. बाहेर काढल्याबरोबर गार पाण्यात टाका आणि मधोमध कापा. कडेला शिजलेल्या भागाचे वलय वेगळे दिसते. त्याची जाडी पट्टीने मोजा. दुसऱ्या बटाट्यातले वलय पहिल्याच्या साधारण दुप्पट आणि तिसऱ्यातले तिप्पट भरेल. वेळ मात्र चौपट आणि नऊपट झालेली आहे. उष्णता वेळेच्या प्रमाणात आत जात नाही. ती वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते.

आता हाच नियम पोलादाला लावू. पोलादाच्या पृष्ठभागाला एक सेकंद उष्णता दिली तर ती सुमारे साडेतीन मिलिमीटर आत पोचते. वेळ हजारपट कमी केली, म्हणजे एक मिलिसेकंद घेतली, तर सुमारे एक दशांश मिलिमीटर, वहीच्या कागदाइतकी. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहालाखावा भाग घेतला, तर साडेतीन मायक्रोमीटर. आणि १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग घेतला, तर जेमतेम एक मायक्रोमीटर.

यातून एक विलक्षण शक्यता निघते. समजा, एवढ्या अल्प काळात आपण पृष्ठभागाला त्याचा वरचा थर वितळेल इतकी ऊर्जा दिली. खालच्या धातूला याची वार्ताही नसेल. तो गारच असेल. मग वितळलेल्या थराला थंड करायला पाण्याची गरज नाही. खालचा गार धातूच त्याची उष्णता ओढून घेईल, तीही तेवढ्याच झपाट्याने. लोहाराच्या पाण्यात बारीक धार सेकंदाला काहीशे अंश या वेगाने थंड होते. इथे वेग सेकंदाला दहा कोटी अंश किंवा त्याहून जास्त होतो.

इतक्या वेगात अणूंना नीट रांगा लावायलाही सवड मिळत नाही. १९६० साली अमेरिकेत कॅल्टेकमध्ये पोल डूवेझ आणि सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांच्या वितळलेल्या मिश्रणाचा थेंब गार धातूवर आपटून पसरवला आणि सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने गोठवला. मिळाली ती स्फटिकरचना नसलेली, काचेसारखी धातू. थंड होण्याचा वेग हे नवे पदार्थ घडवण्याचे साधन आहे, हे या प्रयोगाने धातुशास्त्रज्ञांच्या मनावर ठसवले.

ऊर्जाही फार लागत नाही. लोखंडाचा १० मायक्रोमीटर जाडीचा थर वितळवायला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १० जूल पुरतात. एक किलो धान एक मीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. अडचण ऊर्जेची नाही. ती एका क्षणात ओतायची कशी, ही आहे.

तलाव आणि तुडूम

गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांना हा प्रश्न पाण्याच्या रूपात चांगला ओळखीचा आहे. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव पावसाचे पाणी महिनोन्‌महिने साठवतात आणि धानाला गरज पडली की तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे तोंड, उघडून ते पाटात सोडतात. नवेगावबांधचा प्रचंड तलाव याच परंपरेतला. सावकाश साठवायचे आणि हवे तेव्हा झटकन सोडायचे, हे त्यातले सूत्र. विजेच्या बाबतीत ते साधायला तीन टप्पे लागले.

पहिला टप्पा जर्मन अभियंता एर्विन मार्क्स यांचा. १९२० च्या दशकात त्यांनी असे मंडल तयार केले की त्यात अनेक धारित्रे समांतर जोडणीत भारित होतात आणि ठिणग्या पडताच क्षणार्धात एकसर जोडली जातात. टॉर्चमधले सेल आठवा : समांतर जोडले तर दाब एका सेलचाच, एकसर जोडले तर बेरीज. पन्नास हजार व्होल्टची वीस धारित्रे अशी एकावर एक रचली गेली की दहा लाख व्होल्ट मिळतात. हे जनित्र मुळात वीजवाहिन्यांची साधने कृत्रिम विजेच्या धक्क्यावर तपासण्यासाठी होते.

दुसरा टप्पा इंग्रज अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांच्या नावाने ओळखला जाणारा वाहिनीचा. मार्क्स जनित्राला रिकामे व्हायला मायक्रोसेकंद लागतो. ब्लुमलाइन वाहिनी ती ऊर्जा मध्येच थोपवते आणि काही दशक नॅनोसेकंदांत पुढे सोडते. तलाव आणि शेत यांच्यामध्ये लहान हौद बांधावा तशी. ब्लुमलाइन १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी विमानात असताना अपघातात मरण पावले. त्यांची रचनाही रडारच्याच कामातून आलेली होती.

तिसरा टप्पा १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या ऑल्डरमॅस्टन इथल्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात पडला. तिथे जे. सी. मार्टिन यांच्या गटाने मार्क्स जनित्र आणि ब्लुमलाइन वाहिनी एकत्र जोडून त्यांच्या टोकाला निर्वात पोकळीतले दोन विद्युतअग्र ठेवले. त्यातून निघणाऱ्या प्रचंड इलेक्ट्रॉन झोताने क्ष-किरणांचा असा झगमगाट निर्माण करायचा होता की स्फोट होत असतानाच धातूचे छायाचित्र घेता यावे. उद्देश बॉम्बच्या रचनेचा होता. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंना ही यंत्रे वाढली.

सोव्हिएत बाजूला सैबेरियातल्या तोम्स्क शहरात गेन्नादी मेस्यात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ च्या सुमारास एक महत्त्वाची गोष्ट उलगडली. ऋण अग्राच्या पृष्ठभागावर सूक्ष्म टोके असतात. तीव्र विद्युतक्षेत्रात ही टोके तापून अक्षरशः फुटतात, त्यांचा प्लाझ्मा होतो आणि त्या प्लाझ्मातून हजारो अँपिअरचा इलेक्ट्रॉन प्रवाह निघतो. तापत्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मानाने ही फार मोठी मजल होती. १९७७ साली तोम्स्कमध्ये या विषयाला वाहिलेली उच्चप्रवाह इलेक्ट्रॉनिकी संस्था स्थापन झाली.

आयनांचे झोत मिळवणे आणखी अवघड होते. दोन अग्रांमध्ये इलेक्ट्रॉन आणि आयन विरुद्ध दिशांना धावतात. इलेक्ट्रॉन हजारो पटींनी हलके असल्यामुळे जवळजवळ सगळी ऊर्जा तेच पळवतात. त्यांना अडवून धरले तरच आयनांना वाव मिळतो. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हे साधले. त्या कामातले एक प्रमुख नाव रवींद्र सुदन यांचे, म्हणजे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेल्या प्लाझ्माशास्त्रज्ञाचे. त्यांच्यापुढचे ध्येय होते अणुसंमीलनाचे, झोतांनी इंधनाची गोळी दाबून ऊर्जा मिळवण्याचे.

बॉम्बकडून साच्यांकडे

अशा रीतीने साधन तयार झाले ते वेगळ्याच कामासाठी. धातूच्या पृष्ठभागाकडे ते आडवाटेने आले. १९७० च्या दशकात सिलिकॉनमध्ये आयन घुसवून अर्धवाहक घडवताना स्फटिकाची मोडतोड होई. लेसरच्या किंवा कणझोताच्या एका स्पंदाने वरचा थर वितळवून पुन्हा गोठवला की स्फटिक सुधारतो, असे दिसून आले. मग हीच युक्ती पोलादावर का करू नये? १९८० च्या दशकात तोम्स्कमध्ये आणि नंतर इतरत्र हे काम वाढले.

लेसर असताना कणांची गरज काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारेल. गुळगुळीत धातू आरशासारखा बराच प्रकाश परत पाठवतो आणि उरलेला प्रकाश अगदी वरच्या पापुद्र्यातच शोषला जातो. इलेक्ट्रॉन मात्र आत शिरतात. किती आत, ते त्यांच्या ऊर्जेवर ठरते. पंचवीस हजार व्होल्टने वेग दिलेला इलेक्ट्रॉन लोखंडात सुमारे दोन मायक्रोमीटर जातो. दहा लाख व्होल्टचा अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक. म्हणजे खोली ठरवायला आता दोन चाव्या हाती आल्या : व्होल्ट आणि वेळ.

परिणाम काय होतो? वितळून गोठलेल्या थरातले स्फटिककण अतिशय बारीक होतात आणि पोलादाचा कठीणपणा वाढतो. पृष्ठभागावरचे खड्डे-उंचवटे वितळून सपाट होतात. आधी दुसऱ्या धातूचा पातळ लेप दिला असेल तर तो मूळ धातूत मिसळून तिथल्या तिथे मिश्रधातू बनतो. क्षणभराच्या धक्क्याने ताणलहरीही उठतात. त्यामुळे वितळलेल्या थराच्या खाली कित्येक पट खोलीपर्यंत धातू कठीण झालेला आढळतो.

दोषही आहेत. पोलादात मँगनीज सल्फाइडसारख्या अशुद्धींचे कण असतात. ते आधी तापून उसळतात आणि पृष्ठभागावर ज्वालामुखीच्या तोंडांसारखी सूक्ष्म विवरे राहतात. अनेक स्पंद दिले तर ही विवरे हळूहळू बुजतात. थर गोठताना आकुंचन पावू पाहतो, खालचा धातू त्याला आकुंचू देत नाही. त्यामुळे ताण राहतो आणि ठिसूळ धातूला बारीक तडे जातात.

तरीही काही ठिकाणी ही पद्धत रुजली. रशियात विमान इंजिनांच्या पात्यांवर तिचे प्रयोग झाले. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात पुन्हापुन्हा स्पंद देणारी आयन यंत्रे उभी राहिली. जर्मनीतल्या कार्लस्रूहमध्ये सुमारे एक लाख वीस हजार व्होल्टच्या इलेक्ट्रॉन स्पंदांनी पोलादाच्या कातडीत ॲल्युमिनिअम मिसळण्यात आले. वितळलेले शिसे उघड्या पोलादाला खात जाते. ॲल्युमिनिअममुळे त्यावर ऑक्साइडचे राखणदार कवच तयार होते. पुढे जपानमध्ये प्लॅस्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे हाताने घासून चकचकीत करण्याऐवजी इलेक्ट्रॉन स्पंदांनी गुळगुळीत करणारी यंत्रे बाजारात आली. जे तंत्र बॉम्बसाठी वाढले, ते बटणांच्या आणि डब्यांच्या साच्यांपर्यंत पोचले.

तुर्भ्याची काली

महाराष्ट्रात या घराण्यातली यंत्रे मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बांधली गेली. किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर या नावाची आद्याक्षरे जुळवून त्यांना 'काली' म्हणतात : काली-२००, काली-१०००, काली-५०००. त्यांचा जाहीर उपयोग क्ष-किरणांच्या आणि सूक्ष्मतरंगांच्या तीव्र स्पंदांसाठी सांगितला जातो. पृष्ठभाग घडवणाऱ्या यंत्रांची ही सख्खी भावंडे. मार्क्स जनित्र, वाहिनी आणि निर्वात अग्रे, रचना तीच.

काली-५००० चे जाहीर आकडे असे : दहा लाख व्होल्ट, चाळीस हजार अँपिअर, १०० नॅनोसेकंद. विद्यार्थ्यांना गुणाकार करू द्या. व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे ४० अब्ज वॅट. तिरोड्याच्या केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण ३३०० मेगावॅट. म्हणजे त्या क्षणी कालीची शक्ती बारा तिरोड्यांएवढी! आता वेळेने गुणा. ऊर्जा भरते फक्त ४००० जूल. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाणी जेमतेम एक अंशाने तापेल. चहासुद्धा होणार नाही. शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

समाजमाध्यमांवर कालीविषयी किरणास्त्राच्या सुरस कथा फिरत असतात. मुलांनी विचारले तर एक आकडा सांगावा. दहा लाख व्होल्टचा इलेक्ट्रॉन साध्या हवेत सुमारे चार मीटर जाऊन थांबतो. अफवा तपासायला गुप्त माहिती लागतेच असे नाही. पाठ्यपुस्तकातले भौतिकशास्त्र बरेचदा पुरते.

आणखी एक बोध यात आहे. कातडीचे काम करायचे तर दहा लाख व्होल्ट मुळी जास्तच होतात. इतके खोल शिरलेले इलेक्ट्रॉन ऊर्जा अर्ध्या मिलिमीटरभर वाटून टाकतात आणि तेवढा थर वितळवायला दर चौरस सेंटीमीटरला १० नव्हे, सुमारे ६०० जूल लागतील. म्हणून साचे घडवणारी यंत्रे काही दशहजार व्होल्टवर भागवतात.

किती खोल?

मग गोंदियाच्या भातगिरणीतला पोलादी भाग अशा झोताखाली ठेवावा का? उत्तर बहुधा 'नाही' असेच येईल. दहा मायक्रोमीटरचा थर सिलिकाच्या कानसेपुढे फार दिवस टिकणार नाही. तिथे वेल्डिंगने चढवलेला एखाद्या मिलिमीटरचा कठीण थर अधिक कामाचा आणि गावातल्या कारागिराच्या आवाक्यातला. शिवाय झोताला निर्वात पेटी लागते आणि तो समोर दिसेल तेवढ्याच पृष्ठभागावर पडतो. आतल्या वळणांपर्यंत पोचत नाही. साच्याला मात्र तोच दहा मायक्रोमीटरचा थर पुरतो, कारण तिथे लढाई ओरखड्यांशी आणि गंजाशी आहे.

वस्तू कुठे झिजते, किती खोल झिजते आणि तेवढ्या खोलीसाठी उष्णतेला किती वेळ द्यायचा, हे तीन प्रश्न नायकुंडच्या कारागिरासमोर होते आणि तोम्स्कच्या शास्त्रज्ञासमोरही. फरक एवढाच की शास्त्रज्ञाचे उत्तर आकड्यांत नोंदलेले आहे. कारागिराचे त्याच्या डोळ्यांत आणि मनगटात होते, आणि ते नोंदले गेले नाही. पार्क आणि शिंदे यांना ते अडीच हजार वर्षांनी लोखंडाचा तुकडा कापून वाचावे लागले. आगरियांच्या भट्ट्या विझल्या तेव्हा त्यांच्याबरोबर किती उत्तरे गेली असतील?

शाळेच्या आसपास एखादे लोहाराचे पाल किंवा दुकान अजून असेल तर हे काम मुलांवर सोपवता येईल. विळ्याला पाणी देताना लोखंडाचा रंग कोणता असतो? किती बोटे धार बुडवतात आणि किती वेळ? पाणी गार हवे की कोमट? पुन्हा थोडे तापवतात का, आणि केव्हा थांबायचे हे कशावरून ओळखतात? उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत आणि बटाट्याच्या प्रयोगाचे आकडे त्यांच्याशेजारी मांडावेत. उष्णतेचे वहन हा धडा त्या दोन पानांवर पुरता उभा राहील आणि लोहाराच्या मनगटातले थोडे तरी कागदावर येईल.